मेणवलीचा वाडा आणि त्यांतील दप्तर

(१)

मेणवली हा गांव सातारा जिल्ह्यांतील वाई तालुक्यांत, कृष्णेच्या कांठीं, वाईपासून सुमारें तीन किलोमीटरांवर, म्हणजे जुन्या हिशेबानें कोसभर अंतरावर आहे. बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणीस यांचा वाडा या गांवीं आजहि उभा आहे. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस मेणवली हें नांव दोन कारणांनीं परिचित आहे. पहिलें कारण हा वाडा व त्यालगतचा कृष्णेवरील घाट. दुसरें, या वाड्यांतून बाहेर पडलेलें व ‘मेणवली दप्तर’ या नांवानें प्रसिद्धीस आलेलें नानांचें दप्तर.

या दोहोंविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण लिहिणारांनीं दोहोंचा विचार निरनिराळा केला. वाड्याचें वर्णन करणारे घाट, देवळें, घंटा व भिंतींवरील चित्रें सांगून थांबतात. दप्तरावर काम करणारे दिल्ली, हैदराबाद, पानिपत यांकडे जातात. तें दप्तर ज्या भिंतींच्या आड शंभर वर्षें राहिलें त्या भिंतींकडे त्यांचें लक्ष जात नाहीं. वाडा व दप्तर हीं एकाच साधनाचीं दोन अंगें होत आणि एकास दुसऱ्यावांचून वाचतां येत नाहीं, इतकेंच दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हा विषय केवळ मेणवलीचा नाहीं. जुन्या घरांतून कागद गोळा करणाऱ्या आपणां सर्वांचा तो आहे, आणि त्या बाबतींत मजकडून घडलेली एक चूकहि मला येथें सांगावयाची आहे.

(२)

भानूंचें मूळ घराणें कोंकणांतील श्रीवर्धनजवळच्या वेळास गांवचें. बाळाजी विश्वनाथ भट देशावर आले त्या काळांतच भानू हेहि देशावर आले, व पेशव्यांच्या उत्कर्षाबरोबर फडणिशीचें काम त्यांच्या घरीं स्थिर झालें. नानांचे आजे इ. स. १७१९ त बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीस असतां तेथील दंग्यांत पडले. नानांचा जन्म सातारा येथें ता. १२ फेब्रुवारी १७४२ रोजीं झाला. पानिपतच्या मोहिमेंत ते होते. तेथून जीव वांचवून परत आल्याची हकीकत त्यांनीं स्वतःच्या आत्मवृत्तांत लिहून ठेविली आहे.

पानिपतानंतर सात वर्षांनीं, इ. स. १७६८ च्या डिसेंबरांत, म्हणजे शके १६९० त, औंधचे भवानराव प्रतिनिधि व साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनीं मेणवली नानांस दिली, असा वृत्तांत परंपरेनें चालत आला आहे. वाडा, घाट व देवळें हीं त्यानंतरचीं. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें घंटेचा विचार करितांना तिचा उपयोग होईल.

मेणवली हीच जागा सोयीची कां, हें नकाशावर दृष्टि टाकली असतां कळतें. वाई हें त्या वेळीं लहान परंतु वजनदार गांव होतें. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या वाईच्या रास्ते घराण्यांतील. रास्त्यांनीं तेथें देवळें व घाट बांधिले. ढोल्या गणपतीचें देऊळ इ. स. १७६२ चें आहे. छत्रपतींची गादी साताऱ्यास, पेशव्यांची पुण्यास, आणि वाई या दोहोंच्या मध्यें. येथून पश्चिमेकडे घाट उतरला कीं महाड व कोंकण. राजकारणी पुरुषानें घर बांधावें तर अशा ठिकाणीं बांधावें, कीं दरबारापासून तें दूरहि असेल व तुटकहि नसेल.

(३)

आतां प्रत्यक्ष वाड्याकडे वळूं. वाडा शब्दाचें मूळ संस्कृत ‘वाट’ किंवा ‘वाटक’ या शब्दांत आहे, व त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा असा आहे. म्हणजे नांव मूळचें इमारतीचें नव्हे, तर तिच्या भोंवतालच्या आवाराचें. मेणवलीस हा अर्थ डोळ्यांस दिसतो. वाड्यास चहूंकडून तटासारखी उंच भिंत असून तिच्या आंत एकूण सहा चौक आहेत. बाहेरून पाहणारास भिंत व दरवाजा यांपलीकडे कांहीं दिसत नाहीं. घराचें सारें तोंड आंत, चौकाकडे. ऊन, वारा व उजेड वरून चौकांत उतरतो आणि तेथून ओसऱ्यांत व सोप्यांत शिरतो.

ही पद्धति नवी नव्हे. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या वास्तुविद्याध्यायांत चतुःशाल गृह सांगितलें आहे. मध्यें अंगण व चारी बाजूंस शाला, असें त्याचें स्वरूप. अलिंदांची, म्हणजे ओसऱ्यांची, रचना बदलली म्हणजे त्यास सर्वतोभद्र, नंद्यावर्त, वर्धमान, स्वस्तिक, रुचक अशीं नांवें पडतात. एक बाजू सोडली तर तें त्रिशाल होतें, व कोणती बाजू सोडली यावरून शुभाशुभ ठरतें. पेशवाईंतील सुतार व गवंडी बृहत्संहिता उघडून बसत असतील असें मी म्हणत नाहीं. पण मोठें घर करावयाचें तें एकच इमारत फुगवून नव्हे, तर चौकास चौक जोडून, ही जी आपल्याकडील रीति, ती त्या जुन्या कल्पनेस धरून आहे.

मृच्छकटिकाच्या चौथ्या अंकांत विदूषक मैत्रेय वसंतसेनेच्या घरांत शिरतो व एकामागून एक आठ प्रकोष्ठ पाहत जातो. एकांत बैल व घोडे, एकांत स्वयंपाक, एकांत गाणेंबजावणें, एकांत जवाहिऱ्यांचें काम, एकांत पक्षी. तेथें कवीस घराचें वैभव दाखवावयाचें आहे. आपल्या वाड्यांतील चौकांचा क्रम निराळ्या तत्त्वावर उभा आहे. कोणी कोठवर यावें, हें तो ठरवितो. देवडीवर शिपाई व पाहरेकरी. पहिल्या चौकांत कामकाजासाठीं आलेले लोक, कारकून, जासूद. तेथेंच सदर किंवा कचेरी. त्यापुढें आप्तइष्ट व ब्राह्मणमंडळी यांस मोकळीक. देवघर व माजघर आणखी आंत, सोंवळ्याच्या हद्दींत. सर्वांत आंत मुदपाकखाना, न्हाणीघर, बाळंतिणीची खोली व बायकांचा वावर. आणि मागें परसू, गोठा, विहीर. दरएक वाड्यांत हा क्रम तंतोतंत असतो असें नाहीं. परंतु बाहेरून आंत जातांना परकेपणा कमी होत जावा, हें सूत्र सहसा मोडलेलें दिसत नाहीं.

बांधणीविषयीं दोन शब्द लिहितों, कारण घराचा काळ ठरवितांना त्यांचा उपयोग आहे. खालीं घडीव दगडाचें जोतें. त्यावर दगडी तळखडे. तळखड्यांवर लांकडी खांब. खांबांवर तुळया व त्यांवर कडीपाट. दोन खांबांमधील अंतरास ‘खण’ म्हणतात, व जुन्या कागदांत घराचें माप हात-गजांपेक्षां बहुधा खणांतच दिलेलें असतें. अशा घरांत माळ्याचा भार मुख्यतः लांकडी सांगाड्यावर असतो. आंतल्या कित्येक भिंती या सांगाड्यांतील नुसता भराव होत. म्हणून त्या पाडून पुनः बांधल्या तरी घर हालत नाहीं. यावरून उघड होतें कीं, केवळ विटा व गिलावा पाहून घर अमुक काळचें असें म्हणणें धोक्याचें आहे. जोतें, तळखडे, खांबांचे जोड व तुळयांवरील खोबणी पाहाव्या. पूर्वीं तेथें भिंत होती किंवा नव्हती, जिना फिरविला किंवा नाहीं, हें लांकूड सांगतें. मेणवलीस सागवानी काम भरपूर आहे, व ज्यास हा अभ्यास करावयाचा आहे त्यास तें मोठें साधन आहे.

भिंती जाड असल्यामुळें त्यांच्या पोटांत कोनाडे, फडताळें व बळदें करितां येतात. फडताळ म्हणजे भिंतींतलें दार लावलेलें कपाट. बळद म्हणजे भिंतींत सोडलेली पोकळी, तिच्यांत धान्य किंवा मोलाच्या वस्तु ठेवीत. आपण संग्राहक ज्या कागदांच्या मागें असतों ते याच तीन ठिकाणीं, अथवा माळ्यावरील पेट्यांत सांपडतात. पण या ठिकाणांचा अर्थ एक नाहीं. सदरेजवळच्या फडताळांतील कागद रोजच्या कामाचा. देवघराच्या कोनाड्यांतील कागद घराण्याच्या जिवाचा, म्हणजे सनद, इनामपत्र, वाटणीपत्र. आणि माळ्यावरचा कागद काम संपल्यामुळें वर गेलेला. हा भेद कागदावर लिहिलेला नसतो. तो घरांत लिहिलेला असतो.

वाड्यांत जुन्या भित्तिचित्रांचे अवशेष आहेत व ते वनस्पतिज रंगांनीं काढलेले आहेत, असें सांगतात. वाईच्या रास्त्यांच्या मोतीबागेंतहि त्या काळचीं भित्तिचित्रें आहेत. दोन्ही ठिकाणचीं चित्रें समोरासमोर ठेवून कोणा जाणत्यानें अभ्यास करणें अवश्य आहे.

(४)

वाड्यालगत कृष्णेचा घाट आहे. तो पायऱ्यापायऱ्यांनीं नदींत उतरतो व वरून पाहतां चंद्रकोरीसारखा दिसतो. घाटावर मेणेश्वराचें व विष्णूचें अशीं देवळें आहेत. तेथेंच एका लहानशा मंडपीखालीं एक मोठी ओतीव घंटा टांगलेली आहे. तिजवर बालक येशूस घेतलेल्या मेरीची आकृति असून १७०७ हें साल आहे. घंटा पोर्तुगीज चर्चमधील, यांत संशय नाहीं.

लोकांत अशी समजूत आहे कीं, चिमाजी आप्पांनीं वसई घेतली त्या वेळीं ही घंटा आणून येथें टांगली. यांतील अर्धा भाग ग्राह्य दिसतो व अर्धा तसाच घेतां येत नाहीं. वसई इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत मराठ्यांच्या हातीं आली, आणि वसई प्रांतांतील चर्चच्या घंटा मराठी मुलखांतील देवळांत गेल्या हें सर्वश्रुत आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील १७२१ सालची घंटा त्यांपैकींच म्हणून प्रसिद्ध आहे. पण चिमाजी आप्पा १७४० च्या डिसेंबरांत वारले. नानांचा जन्म १७४२ तील, आणि मेणवली त्यांस मिळाली १७६८ त. तेव्हां वसई सोडल्यापासून मेणवलीच्या घाटावर चढेपर्यंत या घंटेचीं निदान एकोणतीस वर्षें दुसरीकडे कोठें तरी गेलीं असलीं पाहिजेत. चिमाजी आप्पांनीं ती नानांच्या घाटावर टांगणें कालदृष्ट्या संभवत नाहीं.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण तिच्यांत एक शिकवण आहे. घंटेवर साल कोरलें आहे म्हणून आपण तिला स्वयंसिद्ध पुरावा मानतों. तें साल घंटा ओतल्याचें. ती येथें आल्याचें नव्हे. वस्तु कोठें घडली आणि ती या जागीं केव्हां व कोणत्या वाटेनें आली, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचें उत्तर वस्तूवर असतें. दुसऱ्याचें उत्तर जागेवर, व त्या जागेचे हिशेब ज्या कागदांत असतील त्यांत. नेमके तेच कागद आपण दुर्लक्षितों, हें पुढें सांगेन.

(५)

नानांचें आयुष्य पुण्याच्या दरबारांत गेलें. बारभाईंच्या कारस्थानापासून पुढें वीस-बावीस वर्षें राज्याचा गाडा मुख्यतः त्यांनीं ओढला; इतक्या कामांत मेणवलीस निवांत राहणें त्यांस फारसें साधलें नसावें. सवाई माधवराव ता. २७ ऑक्टोबर १७९५ रोजीं वारले. त्यानंतर मसनदीच्या घोटाळ्यांत १७९६ त नाना पुणें सोडून सातारा व वाई यांकडे आले व पुढें घाट उतरून महाडास गेले. वर ज्या स्थानमाहात्म्याचा उल्लेख केला त्याचा उपयोग या वेळीं झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं. महाडाहून सूत्रें हलवून नाना पुनः कारभारांत आले, १७९७ च्या वर्षाखेरीस दौलतराव शिंद्यांच्या लोकांनीं त्यांस दग्यानें धरिलें, १७९८ त ते सुटले, आणि ता. १३ मार्च १८०० रोजीं, शके १७२१ च्या फाल्गुनांत, पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांस पुत्र नव्हता.

येथें बहुतेक लेखकांचा मेणवलीचा इतिहास संपतो. खरें पाहतां घराच्या दृष्टीनें तो येथून सुरू होतो. नानांच्या मागें त्यांच्या पत्नी जिउबाई राहिल्या. त्या वेळीं त्यांचें वय अगदीं लहान होतें. दुसऱ्या बाजीरावांची नजर नानांच्या मालमत्तेवर होती. लोहगडचा किल्ला नानांच्या विश्वासांतील धोंडोपंत निजसुरे यांच्या हातीं होता. जिउबाई त्या किल्ल्यांत राहिल्या. इ. स. १८०३ त जनरल वेलस्ली पुण्यास आल्यावर त्याच्या मध्यस्थीनें करार झाला. जिउबाईंच्या जीविताची हमी व सालीना बारा हजार रुपयांची नेमणूक ठरली, व त्या पनवेलीस राहावयास गेल्या. पेशवाई गेल्यावर त्या मेणवलीस आल्या, दत्तक घेऊन घराणें चालविलें, व इ. स. १८५४ त वारल्या.

आतां हिशेब करून पाहा. १७६८ पासून १८०० पर्यंत बत्तीस वर्षें वाडा नानांचा. त्यांतहि नाना बहुतेक काळ पुण्यास. १८०० पासून १८५४ पर्यंत चौपन्न वर्षें तो जिउबाईंच्या नांवाशीं जोडलेला. वाडा नानांनीं बांधला, पण घर म्हणून तो राखला जिउबाईंनीं. याच चौपन्न वर्षांत पेशवाई बुडाली. साताऱ्याचें राज्य १८४८ त खालसा झालें. इनामांच्या चौकश्या सुरू झाल्या. अशा उलथापालथींत मोठमोठ्या सरदारांच्या घरचे कागद वाळवीनें, पावसानें व वारसांच्या भांडणांनीं नाहींसे झाले. मेणवलीचें दप्तर वांचलें. तें वांचलें त्याअर्थीं कोणी तरी दर पावसाळ्यापूर्वीं माळा शाकारला असला पाहिजे, रुमाल उन्हांत घातले असले पाहिजेत, व फडताळाची किल्ली आपल्या कमरेस ठेविली असली पाहिजे. आपण दप्तरास नानांचें नांव देतों, तें योग्यच आहे. पण तें राखणाऱ्या बाईचें नांव प्रस्तावनेंत एकदां तरी यावें, असें मला फार दिवस वाटत आलें आहे.

(६)

राज्याचे कागद एका खेड्यांतील खासगी घरांत कसे, असा प्रश्न पुष्कळ जण करितात. त्याचेंहि उत्तर घराच्या आराखड्यांत आहे. पेशव्यांचें हुजूर दप्तर पुण्यास होतें. त्याचे फड व एकबेरीज असे विभाग होते, व त्यांवर फडणिसांची देखरेख असे. परंतु सरकारी कचेरी व कारभाऱ्याचें घर यांच्यामध्यें आज जी भिंत आहे ती त्या काळीं नव्हती. वाड्याचा बाहेरचा चौक हीच कचेरी. वकिलांचीं, हेरांचीं व सरदारांचीं पत्रें नानांच्या नांवें येत व नानांपाशीं राहत. त्यामुळें दिल्लीच्या राजकारणाचें पत्र आणि घरच्या धान्याची याद एकाच छपराखालीं, कदाचित् एकाच रुमालांत, नांदत असे. यास अव्यवस्था म्हणणें चुकीचें होईल. ती त्या राज्यपद्धतीची रचनाच होती.

पुढें हें दप्तर इतिहाससंशोधक दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांच्या हातीं आलें, व त्यांतील पुष्कळ भाग त्यांनीं छापून प्रसिद्ध केला. त्यांचा साताऱ्याचा संग्रह इ. स. १९३९ त पुण्यास डेक्कन कॉलेजांत आला. पारसनिसांचे उपकार थोर आहेत. ते नसते तर या कागदांची काय गति झाली असती हें सांगवत नाहीं. ज्या काळीं ‘जुने कागद’ या शब्दाचा अर्थ रद्दी असा होता, त्या काळीं राजवाडे, खरे, पारसनीस यांनीं गांवोगांव फिरून ते वांचविले. राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ त निघाला. वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं तर नानांचें चरित्र १८९२ सालींच लिहिलें. या मंडळींस घाई होती, व ती घाई रास्त होती.

परंतु त्या घाईची एक किंमत पडली. छापण्यासाठीं निवडलीं तीं बहुतेक राजकारणाचीं पत्रें. घराचा खर्च, लांकडाची खरेदी, चुन्याची घाणी, गवंड्या-सुतारांची मजुरी, देवळाचा नैवेद्य, असल्या यादींस कोणी महत्त्व दिलें नाहीं. तसेंच, कागद घरांतून निघतांना कोणता रुमाल कोणत्या चौकांतील कोणत्या ठिकाणचा, याची नोंद ठेवण्याची चाल त्या काळीं नव्हती. त्यामुळें आज पुण्यास दप्तर आहे व मेणवलीस वाडा आहे. दोन्ही शाबूत आहेत, आणि दोहोंना जोडणारा दोरा मात्र तुटलेला आहे.

(७)

हें दुसऱ्यांस सांगण्यापूर्वीं स्वतःचें सांगितलें पाहिजे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं मी कृष्णाकांठच्या एका गांवीं शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. तेथील एक जुना दुचौकी वाडा पाडावयाचा ठरला. मालक माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील. त्यांनीं निरोप पाठविला कीं, “गुरुजी, कांहीं मोडी कागद आहेत, उद्यां मजूर येतील, त्यापूर्वीं न्यावयाचे तर न्या.” मी व दोन विद्यार्थी संध्याकाळीं गेलों. देवघराच्या कोनाड्यांत तीन रुमाल, सोप्यांतील फडताळांत पांच, आणि कोठीच्या माळ्यावर एका फुटक्या पेटीत तीन, असे अकरा रुमाल निघाले. अंधार पडत चालला होता. आम्हीं दोन गोणपाटांचीं पोतीं आणलीं होतीं; हाताला येतील तसे रुमाल त्यांत भरले. दोन रुमालांचे बासन कुजले होते. त्यांतले कागद सुटे झाले, ते वरून कोंबले. घरीं आलों तेव्हां मोठें पुण्य जोडल्याचा आनंद होता.

तीन वर्षांनीं त्यांतील एका कागदावर मीं एका संशोधन-सभेंत टिपण वाचलें. कागद वाटणीचा होता. त्यांत वाड्याच्या चार खणांविषयीं तक्रार होती. पण मित्तीचा व मायन्याचा भाग वाळवीनें खाल्ला होता. घराण्यांत थोरली पाती व धाकटी पाती असे दोन भाग होते, व एकेक चौक एकेकीकडे होता. तक्रार कोणत्या पातीची, हें कळलें असतें तर गांवच्या एका जुन्या वतनी वादाचा उलगडा झाला असता. टिपण संपल्यावर एका वृद्ध सभासदांनीं शांतपणें विचारलें, “हा कागद देवघरांतला कीं माळ्यावरचा?” देवघर थोरल्या पातीकडे होतें व कोठी धाकटीकडे. एवढ्या एका शब्दानें निकाल लागला असता. मजजवळ उत्तर नव्हतें. गांवीं परत जाऊन पाहीन म्हटलें, तर पाहावयाचें काय? वाड्याच्या जागीं तोंवर दुकानांची रांग उभी राहिली होती.

त्या सभासदांनीं मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. पण तो प्रश्न मी अद्याप विसरलों नाहीं. कागद वांचविले हें खरें. मात्र ज्या साक्षीदारानें त्यांचा अर्थ सांगितला असता तो मीं त्याच संध्याकाळीं गमावला. वाडा पाडणारे मजूर दुसऱ्या दिवशीं आले; पाडण्यास सुरुवात आदल्या दिवशीं मीं केली होती.

(८)

यावरून संग्राहक बंधूंपुढें चार सूचना नम्रपणें ठेवितों. त्यांस खर्च नाहीं. फक्त थोडा धीर लागतो.

पहिली: कागदास हात लावण्यापूर्वीं घराचा कच्चा आराखडा काढावा. किती चौक, कोणत्या बाजूस किती खण, देवघर कोठें, सदर कोठें, जिना कोठें, एवढें पुरे. प्रत्येक कोनाड्यास, फडताळास व पेटीस अंक द्यावा. आज खिशांतल्या मोबाइलवर छायाचित्र घेतां येतें. पूर्वसूरींस ही सोय नव्हती, आपणांस आहे.

दुसरी: रुमाल उचलतांना त्याच क्षणीं शिसपेन्सिलीनें चिठ्ठी लिहून आंत घालावी. बासन व गांठ फेंकून देऊं नये, व कागदांचा क्रम मोडूं नये. तो क्रम लावणारा कारकून आपल्याहून जाणता होता.

तिसरी: घरांतील वृद्ध बायकांस विचारावें. पुरुष वतनाची गोष्ट सांगतात. बायका खोल्यांचीं नांवें सांगतात. अमुक खोलीस ‘फडाची खोली’ म्हणतात एवढें आजीबाईंनीं सांगितलें, तर दहा कागदांचें काम होतें.

चौथी: घरखर्चाचे कागद टाकूं नयेत. मेणवलीचा वाडा कोणत्या सालीं कोणत्या कारागिरांनीं बांधला, चित्रें कोणी काढलीं, घंटा कोणत्या वाटेनें आली, या प्रश्नांचीं उत्तरें कोठें असतीलच तर तीं वकिलांच्या पत्रांत नसून लांकूड, चुना, रंग व हमाली यांच्या यादींत असतील. डेक्कन कॉलेजांतील दप्तर या दृष्टीनें कोणीं तरुणानें पुनः चाळावें. आणि चाळण्यापूर्वीं एक दिवस मेणवलीस जाऊन वाड्याचे खण मोजून यावें.

आज मेणवलीस पुष्कळ लोक जातात. चित्रपटांमुळेंहि वाडा व घाट लोकांच्या ओळखीचे झाले आहेत; २००४ सालच्या ‘स्वदेस’ या चित्रपटांत तो घाट अनेकांनीं पाहिला असेल. येणारे घंटेपाशीं उभे राहतात, घाटावर बसतात व परत जातात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. पण आपण ज्या कामांत आहों त्या कामाच्या माणसानें तेथें गेल्यावर थोडा वेळ आंतल्या चौकांत उभें राहावें, आणि भिंतींतल्या रिकाम्या फडताळांकडे पाहावें. येथें काय होतें हें आपणांस छापील ग्रंथांवरून ठाऊक आहे. कोणतें कोठें होतें, हें आतां त्या वाड्याच्या बाबतींत कळणें कठीण. ज्या लहान गांवांतले वाडे अद्याप उभे आहेत, त्यांच्या बाबतींत तरी हें उत्तर द्यावयाची पाळी पुढच्या पिढीवर येऊं नये.